आमदारकी करिअर म्हणून धरायची असेल तर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: दुष्काळी पट्ट्यातल्या तालुक्याच्या गावी तुमची वकिली चालू आहे, ग्रामपंचायत सदस्य म्हणून एक टर्म झाली आहे आणि विधानसभेपर्यंत जायची मनापासून इच्छा आहे. तर आमदारकी हे करिअर म्हणून धरता येतं का, आमदार दिवसभर नेमकं करतो काय, घर कशावर चालतं आणि एक निवडणूक हरली की माणूस संपतो का? मी आयुष्याची बरीच वर्षं आमदारांचा स्वीय सहायक म्हणून काढली, विधानसभेच्याही आणि विधान परिषदेच्याही. त्या जोरावर सविस्तर लिहितो.

धरता येतं. फक्त पाच वर्षांचा हिशेब मांडून येऊ नका, वीस वर्षांचा मांडा. लग्नं, दहावे, जत्रा, वाढदिवसाचे फ्लेक्स हे सगळेच करतात, आणि ते करावंच लागतं. पण मी जवळून पाहिलेल्या आमदारांत टिकले ते वेगळ्या कामावर. तालुक्याचं गाऱ्हाणं त्यांनी सभागृहात अशा रीतीनं नेलं की सरकारला त्यावर लेखी काहीतरी द्यावं लागलं. आणि मग त्या लेखी शब्दामागं ते वर्षानुवर्षं लागले. पुढचं सगळं या एका कामाभोवती सांगतो.

सकाळपासून सुरुवात करू. आमदार गावाकडे असला की सात वाजल्यापासून दारात माणसं असतात. कुणाची डीपी जळालीय आणि आठ दिवस वीज नाही. कुणाच्या वडिलांना केईएमला खाट हवीय, किंवा महात्मा फुले योजनेत ऑपरेशन बसत नाही म्हणून मुख्यमंत्री सहायता निधीसाठी पत्र हवंय. कुणाच्या मुलीची शिक्षिका म्हणून बदली दोनशे किलोमीटरवर झालीय. कुणाचं पोरगं काल रात्रीपासून पोलीस ठाण्यात बसवून ठेवलंय. टँकरची खेप चुकली, रेशनचं नाव कटलं, सातबाऱ्यावर बोजा तसाच राहिला. घटनेच्या पुस्तकात आमदाराचं काम म्हणून यातलं एकही लिहिलेलं नाही. तरी हे टाळून कुणी दुसऱ्यांदा निवडून आलेला मी पाहिला नाही. हा भार अलीकडे फार वाढला. मार्च २०२२ पासून बहुतेक जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांची मुदत संपली आणि निवडणुका रखडल्या, कित्येक वर्षं प्रशासक कारभार पाहत होते. गटातला जिल्हा परिषद सदस्य जे काम बघायचा, ते सगळं आमदाराच्या दारात आलं. आणि ज्या शाळेत पुढचे आमदार तयार व्हायचे ती शाळाच बंद पडली, याचं मला जास्त वाईट वाटतं.

इथं नव्या आमदाराचा पहिला कस लागतो. दारात आलेली चाळीस गाऱ्हाणी चाळीस फोनांनी सोडवायची, की त्यातली एकाच मुळाची दहा बाजूला काढायची? डीपी एका वस्तीवर जळाली तर अभियंत्याला फोन पुरतो. तीच डीपी त्याच फीडरवर दर उन्हाळ्यात जळत असेल, तर उपकेंद्राची क्षमता कमी पडतेय, आणि हा विषय सभागृहाचा आहे. चांगल्या आमदाराकडे वही असते. आमच्याकडे दर रविवारी संध्याकाळी ती वही उघडायची आणि त्या आठवड्याच्या अर्जांतून 'प्रश्न' शोधायचे, अशी पद्धत होती.

आता प्रश्न विचारण्याचं काम. हे मी जरा तपशिलात सांगतो, कारण तुम्ही वकील आहात आणि तुम्हाला यात गोडी लागेल.

महाराष्ट्र विधानसभेत २८८ सदस्य, विधान परिषदेत ७८. वर्षात तीन अधिवेशनं: अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपूरला. १९५३ च्या नागपूर कराराचा हा वारसा. रोजचं कामकाज साधारणपणे प्रश्नोत्तराच्या तासानं सुरू होतं. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात तो, अधिवेशनाच्या कितीतरी आधी द्यावा लागतो, त्यामुळं ज्याची वही तयार नाही त्याची गाडी तिथंच चुकते. प्रश्नाचा साचा ठरलेला आहे. समजा तुमच्या तालुक्यातली प्रादेशिक पाणीपुरवठा योजना बंद आहे. तर प्रश्न असा जातो: "अमुक तालुक्यातील प्रादेशिक पाणीपुरवठा योजना माहे मार्चमध्ये वा त्यादरम्यान बंद असल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय, असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?"

ही भाषा बाहेरच्या माणसाला रुक्ष वाटते. पण त्यातला शब्दन् शब्द कामाचा आहे. 'वा त्यादरम्यान' हे दोन शब्द विसरलात आणि योजना ३ एप्रिलला बंद पडली असेल, तर उत्तर येईल 'हे खरे नाही', आणि खालच्या सगळ्या भागांना 'प्रश्न उद्भवत नाही'. वाटीभर पाणी न मिळालेल्या गावाला सरकार कागदावर खोटं पाडून मोकळं होतं, आणि तेही नियमात राहून. तसंच एका प्रश्नात तीन योजना कोंबल्या की उत्तर येतं 'हे अंशतः खरे आहे', मग कुठली खरी आणि कुठली खोटी हे शोधण्यात अधिवेशन संपतं. म्हणून एक गाव, एक योजना, एक त्रुटी, आणि जोडीला हातात कागद: टँकरच्या खेपांची नोंद, ग्रामसभेचा ठराव, अभियंत्याला दिलेल्या पत्राची पोच. तुमच्या वकिलीत दाव्याची मांडणी जशी होते, तितकीच काटेकोर ही मांडणी हवी.

प्रश्न यादीत वर लागला तर सभागृहात पुकारला जातो, नाहीतर छापील उत्तरावर समाधान मानावं लागतं. पुकारला गेला की खरी कसोटी उपप्रश्नाची. मंत्री हातातलं उत्तर वाचतात, अधिकाऱ्यांच्या गॅलरीतून चिठ्ठ्या येत असतात. आमदारानं भाषण सुरू केलं की मंत्र्यांना श्वास घ्यायला वेळ मिळतो. त्यानं एकच वाक्य विचारलं, 'ही योजना कुठल्या तारखेपर्यंत सुरू होणार?', तर मंत्र्यांना काहीतरी बोलावंच लागतं. 'तपासून घेऊ' हे उत्तर आलं तर हातात काही नाही. 'तीन महिन्यांत सुरू करू' असं आलं तर ते आश्वासन झालं, आणि आश्वासनाला विधिमंडळात स्वतंत्र समिती आहे.

त्या दिवशी संध्याकाळी स्वीय सहायकाचं काम सुरू होतं. कामकाजाची असुधारित प्रत मिळवायची, मंत्र्यांचं नेमकं वाक्य शोधायचं, त्याखाली रेघ मारायची, आणि तेवढंच वाक्य उद्धृत करून दुसऱ्या दिवशी संबंधित विभागाच्या सचिवांना, जिल्हाधिकाऱ्यांना आणि कार्यकारी अभियंत्याला पत्र पाठवायचं. मी कितीतरी आमदार पाहिले की ज्यांचं सभागृहातलं भाषण टीव्हीवर गाजलं, मतदारसंघात त्याची क्लिप फिरली, पण हे पत्रच गेलं नाही. वर्षानं गावकरी विचारतात, 'साहेब, तुम्ही बोलला होता, पुढं काय झालं?' याला उत्तर नसतं.

प्रश्नाशिवाय आणखी हत्यारं आहेत. तातडीच्या विषयाला लक्षवेधी सूचना, छापील उत्तर अपुरं वाटलं तर अर्धा तास चर्चा, अचानक उद्भवलेल्या गोष्टीला औचित्याचा मुद्दा, मोठ्या विषयावर नियम २९३ खालची चर्चा, अर्थसंकल्पातल्या मागण्यांवर कपात सूचना, म्हणजे खात्याची मागितलेली रक्कम कमी करा अशी सूचना. माझ्या मते नव्या आमदारानं कपात सूचनांकडे जास्त लक्ष द्यावं. त्या पुकारल्या जातात कमी, बातमी होत नाही, पण प्रत्येक खात्याच्या खर्चावर तुमच्या तालुक्याची नोंद त्यातून अधिकृतपणे लागते.

समित्यांचं काम तर बातमीत जवळजवळ येतच नाही. लोकलेखा, अंदाज, सार्वजनिक उपक्रम, पंचायत राज, आश्वासन, विनंती अर्ज, रोजगार हमी. समितीत कॅमेरा नसतो, त्यामुळं पक्षाचा आवेश गळून पडतो आणि सत्ताधारी-विरोधक एका बाजूला बसून सचिवांना कागदावर प्रश्न विचारतात. पंचायत राज समिती जिल्ह्यात येणार म्हटलं की जिल्हा परिषदेत महिनाभर आधी फायली झटकल्या जातात, हे तुम्ही ग्रामपंचायतीत असताना ऐकलं असेलच. ज्याला प्रशासन शिकायचं आहे त्यानं लोकलेखा समिती मागून घ्यावी. महालेखापरीक्षकांचे अहवाल तिथं ओळीओळीनं तपासले जातात.

निधीबद्दल लोकांच्या मनात मोठा गैरसमज आहे, तो तुमच्याही मनात नको. आमदार स्थानिक विकास निधी २०२२ पासून वर्षाला ५ कोटी रुपये आहे. यातला एक रुपयाही आमदाराच्या हातात येत नाही. आमदार काम सुचवतो, मंजुरी आणि पैसे जिल्हा प्रशासनाकडून जातात. आणि तालुक्याची भूक बघितली तर ५ कोटी म्हणजे काही सभामंडप, काही वर्गखोल्या आणि गावोगावचे काँक्रीटचे तुकडे. मोठं काम बाहेरून आणावं लागतं: ग्रामविकास खात्याच्या '२५१५' या लेखाशीर्षातून, जिल्हा नियोजन समितीतून, पुरवणी मागण्यांतून, सार्वजनिक बांधकाम खात्याच्या बजेटमधून. विरोधी बाकांवर असाल तर पालकमंत्र्यांच्या दारातून रिकाम्या हातानं परतायची तयारी ठेवा. आणि काम मंजूर झालं म्हणजे झालं असं समजू नका. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, आणि काम रेंगाळून किंमत वाढली की सुप्रमा, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. सिंचनाच्या योजना या सुप्रमाच्या फेऱ्यात दोन-दोन पिढ्या अडकलेल्या मी पाहिल्या आहेत.

सिंचनाचा विषय निघालाच आहे, तर तुमच्याच पट्ट्यातल्या एका माणसाबद्दल सांगतो. करिअर म्हणजे काय, या तुमच्या प्रश्नाचं याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

गणपतराव देशमुख मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे. वकील झाले, सांगोल्यात वकिली सुरू केली, शेतकरी कामगार पक्षात गेले आणि १९६२ साली सांगोल्यातून आमदार झाले. १९६७ ला पुन्हा. १९७२ ला हरले. १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले आणि मग १९७८, १९८०, १९८५, १९९० असे सलग. १९९५ ला हरले, फक्त १९२ मतांनी. त्या वेळी सत्तरीकडे झुकलेला माणूस होता. दुसरा कुणी घरी बसला असता. ते १९९९ ला पुन्हा उभे राहिले, जिंकले, आणि २००४, २००९, २०१४ ही जिंकले. एकाच मतदारसंघातून अकरा वेळा. २०१९ ला स्वतः थांबले. ३० जुलै २०२१ ला गेले.

आता या पन्नासपेक्षा जास्त वर्षांत ते मंत्री किती काळ होते? १९७८ च्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि पुन्हा १९९९ नंतर विलासरावांच्या मंत्रिमंडळात, तेही थोडाथोडाच काळ. बाकी सगळी हयात विरोधी बाकांवर, छोट्या पक्षात, पाऊस हुलकावणी देणाऱ्या तालुक्याचा आमदार म्हणून. म्हणजे निधी देणारे हात बहुतेक वेळा दुसऱ्यांचे होते. तरी टिकले ते कशावर? एक, पाण्याचा विषय त्यांनी कधी हातातून सोडला नाही. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या बरोबरीनं दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद उभी केली. आटपाडीची पाणी परिषद म्हणून या भागातला माणूस ती ओळखतो. कृष्णेचं पाणी उपसून वर आणायचं, ते टेंभू आणि म्हैसाळच्या योजनांतून सांगोल्यापर्यंत यायला हवं, हा आग्रह त्यांनी रस्त्यावर धरला आणि तोच सभागृहात धरला. दोन्हीकडे वाक्य तेच, आकडे तेच. दोन, तालुक्यात सहकारी सूतगिरणी उभी केली आणि ती नीट चालवली, म्हणजे लोकांना रोजगाराची जागा दिसत होती. तीन, राहणी. एसटीत आमदारांसाठी राखीव जागा असते हे आपण सगळे वाचतो. त्या जागेवर बसून सांगोल्याहून मुंबईला येणारा हा आमदार लोकांनी डोळ्यांनी बघितला होता. सभागृहात ते बोलायला उभे राहिले की सत्ताधारी बाकांवरची कुजबुज थांबायची, कारण हा माणूस आरोप करायला उठलेला नाही, काहीतरी मोजून आणलेलं आहे, हे सगळ्यांना माहीत असायचं.

पुढचंही बघा. २०१९ ला त्यांचे नातू त्याच जागेवरून ७६८ मतांनी पडले. २०२४ ला दुसरे नातू, डॉ. बाबासाहेब देशमुख, निवडून आले. अकरा वेळच्या आमदाराची पुण्याईसुद्धा पहिल्या खेपेला पुरली नाही. आडनाव उंबऱ्यापर्यंत आणतं, आत जायला स्वतःचं काम लागतं. तुमचं आडनाव राजकारणातलं नाही अशी खंत तुम्ही लिहिली आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. तोटा आहे, तो नाकारत नाही. पण गणपतराव स्वतःही दुसऱ्या तालुक्यातून आलेले वकीलच होते.

विधान परिषदेचा मार्गही तुम्ही विचारात घ्या. ७८ पैकी ३० जागा आमदारांच्या मतांनी भरतात, २२ स्थानिक संस्थांच्या, ७ पदवीधर, ७ शिक्षक आणि १२ राज्यपालनियुक्त. मुदत सहा वर्षं, वयाची अट ३० (विधानसभेला २५). पदवीधर मतदारसंघातून प्रा. बी. टी. देशमुख अमरावती विभागाचं प्रतिनिधित्व १९८० ते २०१० अशी तीस वर्षं करत होते. दांडेकर समितीनं १९८४ साली प्रादेशिक अनुशेषाचे, म्हणजे कुठला भाग विकासात किती मागे राहिला याचे, आकडे मांडले, आणि त्यानंतर विदर्भाच्या अनुशेषाचा विषय त्यांनी सभागृहात आकड्यांनिशी असा लावून धरला की उत्तर देणाऱ्या खात्याला आधी त्यांचे जुने प्रश्न वाचून यावं लागायचं. सत्तेत नसताना सभागृहाच्या नियमांवर किती काम उभं राहतं हे शिकायचं असेल तर त्यांची भाषणं वाचा.

आणि परिषदेला 'मागच्या दाराची जागा' म्हणून हिणवणाऱ्यांना मी नेहमी वि. स. पागे यांचं नाव सांगतो. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचा हा माणूस १९६० ते १९७८ परिषदेचा सभापती होता. ग्रामीण माणसाला मागेल तेव्हा काम मिळालं पाहिजे, ही रोजगार हमी योजनेची कल्पना त्यांनी सभापतीच्या खुर्चीत बसून घडवली. साठच्या दशकात तासगाव तालुक्यात प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळात योजना राज्यभर गेली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर घेऊन खेड्यातल्या मजुराची मजुरी भागवायची ही रचना सर्वपक्षीय संमतीनं झाली. केंद्राचा रोजगार हमीचा कायदा यायला २००५ साल उजाडलं. माझ्या आईनं त्या योजनेच्या पाझर तलावावर खडी फोडली आहे, त्यामुळं हे मी परक्यासारखं लिहू शकत नाही.

कायदे करणं हे आमदाराचं घटनेनं दिलेलं काम, पण साध्या आमदाराच्या नावावर कायदा होणं फार दुर्मीळ. मंत्री नसलेल्या सदस्याचं विधेयक, म्हणजे अशासकीय विधेयक, शुक्रवारी मांडलं जातं, मंत्री उत्तर देतात आणि बहुधा ते मागं घ्यायला सांगतात. तरी ते वाया जात नाही. ऐंशीच्या दशकात मृणाल गोरे यांनी गर्भलिंगचाचणीविरोधात असं विधेयक आणलं. त्या विषयावर बाहेर चळवळ होतीच, सभागृहातला दाब वाढला आणि १९८८ मध्ये राज्य सरकारनं स्वतःचा कायदा केला, देशातला पहिला. केंद्राचा कायदा १९९४ चा. अंधश्रद्धेविरोधी कायद्यासाठी विधान परिषदेनं अशासकीय ठराव १९९५ साली संमत केला, प्रत्यक्ष कायदा व्हायला डिसेंबर २०१३ उजाडला, आणि त्याआधी ऑगस्टमध्ये डॉ. दाभोलकरांचा खून झालेला होता. अशा विषयात हात घालाल तर पीक दुसऱ्याच्या काळात निघेल हे धरून चाला.

आता घरखर्च. २०१६ पासून आमदारांचं वेतन राज्याच्या प्रधान सचिवांच्या मूळ वेतनाशी जोडलेलं आहे, भत्ते वेगळे, एसटी आणि रेल्वेच्या प्रवासाची सोय आहे, स्वीय सहायक आणि वाहनचालकाचा पगार सरकार देतं. २०२२ च्या घोषणेप्रमाणे तो अनुक्रमे ३०,००० आणि २०,००० रुपये झाला. एक टर्म झालेल्या माजी आमदाराला दरमहा ५०,००० रुपये निवृत्तिवेतन आणि पाच वर्षांपुढच्या प्रत्येक वर्षामागे २,००० रुपये जादा. ऐकायला हे पुष्कळ वाटतं. पण प्रामाणिक आमदाराचं वेतन दारात आलेल्या माणसांच्या चहापाण्यात, गाडीच्या डिझेलात, लग्नाच्या आहेरात आणि अडलेल्याला दिलेल्या हजार-दोन हजारांत महिना भरायच्या आत संपतं. म्हणून तुमची वकिली मोडू नका. घराचं उत्पन्न राजकारणाबाहेर असेल तरच ठेकेदाराला 'नाही' म्हणता येतं. माझ्या डोळ्यांसमोर चांगली माणसं वाकली, ती लोभापेक्षा निवडणुकीच्या कर्जामुळं वाकली. विधानसभेला खर्चाची कायदेशीर मर्यादा ४० लाख, अनामत १०,००० (अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला ५,०००). तिकीट देणारे मात्र पहिल्याच बैठकीत विचारतात, 'ताकद किती?' आणि ते माणसांबद्दल विचारत नसतात. या प्रश्नाला कर्ज काढून उत्तर देऊ नका. एक निवडणूक थांबावं लागलं तरी चालेल.

जोखमींचं सांगायचं तर हरणं ही त्यातली सगळ्यात लहान. हरलेला आमदार तालुक्यात फिरत राहिला तर त्याला लोक विसरत नाहीत, गणपतरावांचं १९७४ आणि १९९९ समोर आहे. मोठी जोखीम तुमच्या हाताबाहेरची असते. मतदारसंघांची पुनर्रचना २००८ मध्ये झाली आणि २००९ ला कितीतरी जुन्या आमदारांना आपला तालुका दोन-तीन मतदारसंघांत वाटला गेलेला दिसला, काहींची जागा राखीव झाली. पुढची पुनर्रचना येणार आहे. त्याच वेळी १०६ व्या घटनादुरुस्तीनं, २०२३ च्या, महिलांना एक तृतीयांश जागा मिळायच्या आहेत, त्या जनगणना आणि पुनर्रचनेनंतर. तुमच्यासाठी ही मोठी संधी आहे. त्या दिवशी आयत्या वेळी कुणाची पत्नी, कुणाची सून पुढं केली जाईल. त्या वेळी तालुक्यात दहा वर्षं पाण्यावर काम केलेली वकील बाई उभी असेल तर पक्षालाही तिला डावलणं जड जाईल.

दुसरी जोखीम पक्षाची. १९८५ च्या दहाव्या अनुसूचीनं, म्हणजे घटनेतल्या पक्षांतरबंदीच्या तरतुदीनं, पक्षादेशाविरुद्ध मत दिलं तर सदस्यत्व जातं, म्हणजे बहुतेक विधेयकांवर तुमचं मत आधीच ठरलेलं असतं. आणि तरी २०२२ आणि २०२३ मध्ये महाराष्ट्रात दोन पक्ष उभे फुटले, अपात्रतेच्या याचिका अध्यक्षांसमोर चालल्या, २०२४ च्या सुरुवातीला निकाल आले आणि एकही आमदार अपात्र ठरला नाही. साध्या आमदाराच्या वाट्याला यातून एकच प्रश्न येतो: रात्री दोन वाजता फोन आला, 'गाडी खाली उभी आहे, निघा', तर काय करायचं? याचं उत्तर त्या रात्री सुचत नाही. आधीच ठरवून ठेवावं लागतं, आणि घरच्यांना सांगून ठेवावं लागतं.

वकील म्हणून एक निकाल जरूर वाचा. ५ जुलै २०२१ ला बारा आमदारांना वर्षभरासाठी निलंबित केलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं २८ जानेवारी २०२२ ला त्या अधिवेशनापुढचं निलंबन घटनाबाह्य ठरवलं. मुद्दा असा मांडला गेला की सदस्य ६० दिवस परवानगीशिवाय गैरहजर राहिला तर सभागृह जागा रिक्त ठरवू शकतं आणि रिक्त जागा सहा महिन्यांत भरावी लागते. मग वर्षभराचं निलंबन म्हणजे त्या मतदारसंघाला त्याहून मोठी शिक्षा. आमदाराची खुर्ची ही मतदारसंघाची असते, हे या निकालात फार नेमकं आलं आहे.

बाई म्हणून काय वेगळं, हे तुम्ही विचारलंय. मी दोन महिला आमदारांचं काम जवळून पाहिलं. दारात येणाऱ्या बायका जे पुरुष आमदाराला सांगत नाहीत ते त्यांना सांगतात, ही ताकद आहे. रात्रीच्या बैठका, धाब्यावर होणारी तडजोड, 'वहिनींना कशाला त्रास' म्हणून परस्पर ठरवलेल्या गोष्टी, ही अडचण आहे. डिसेंबर २०२२ मध्ये देवळालीच्या आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांचं बाळ घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या, तेव्हा विधानभवनात हिरकणी कक्ष हवा हे सगळ्यांच्या लक्षात आलं. तोवर कुणी तसा विचार केला नव्हता. तुमच्या पतीला किंवा भावाला तुमचं राजकारण चालवू देऊ नका, एवढं मात्र कळकळीनं सांगतो. अधिकाऱ्यांना एकदा कळलं की निर्णय दुसरीकडे होतो, की तुमच्या पत्राची किंमत शून्य.

लगेच काय करायचं, तर जिल्हा परिषद किंवा पंचायत समितीची निवडणूक लढवा, गट लहान असला तरी. (तिथं १२ सप्टेंबर २००१ नंतरच्या तिसऱ्या अपत्याची अट आहे, विधानसभेला नाही.) आर. आर. पाटील १९७९ पासून सावळज गटातून जिल्हा परिषदेत होते, १९९० ला तासगावचे आमदार झाले. ग्रामविकास मंत्री झाल्यावर त्यांनी ग्रामस्वच्छता अभियान आणलं त्यात त्या अकरा वर्षांची समज होती. जमलं तर राष्ट्रकुल संसदीय मंडळाच्या महाराष्ट्र शाखेचा संसदीय अभ्यासवर्ग नागपूर अधिवेशनात भरतो. तो राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी असतो, तुमच्या ओळखीतली कॉलेजची मुलं असतील तर त्यांना पाठवा आणि परत आल्यावर त्यांच्याबरोबर बसा. ती मुलं पुढं तुमची माणसं होतील.

आणि येत्या महिन्यात एवढं करा. विधिमंडळाच्या कामकाजातून तुमच्या तालुक्यावर गेल्या दहा वर्षांत विचारले गेलेले प्रश्न काढा. त्यातल्या उत्तरांत मंत्र्यांनी तारीख किंवा मुदत दिलेली वाक्यं वेगळी लिहा. मग ती योजना, तो रस्ता, तो दवाखाना आज कुठं आहे ते स्वतः जाऊन पाहा, फोटो काढा, ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून कागद घ्या. जी अपुरी असतील त्यांची यादी विद्यमान आमदारांना रीतसर पत्रानं द्या, ते कुठल्याही पक्षाचे असोत, आणि पोच घ्या. त्यांनी प्रश्न लावला तर तालुक्याचं काम झालं. नाही लावला तर ती पोच तुमच्याकडे आहे. यादी तयार झाली की मला कळवा, प्रश्नांचे मसुदे आपण मिळून करू.